तिसावी ओळ

पंचफुलाबाईचा नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती. वय छप्पन, पुढचे दोन दात पडलेले, गुडघे धड वाकत नव्हते. आणि सरकारी दवाखान्याच्या कागदावर तिला आठवा महिना सरत आला होता. आता बोला.

रामकिशननं तो कागद तीनदा वाचला. लातुरात अण्णाराव मालकांच्या डाळ मिलमध्ये तो तेरा वर्षं हजेरी लिहीत होता, पण असला कागद त्याच्या टेबलावर कधी आला नव्हता. खाली डॉक्टरीणबाईंची सही, बाजूला शिक्का, वर नाव पंचफुलाबाई आणि वय चोवीस. वय नर्सनं समोरच्या बाईच्या तोंडाकडं बघून घातलं असणार. कारण दवाखान्यात गेली होती ती पंचफुलाबाई नव्हेच, तिची सून चांगुणा. तीच आता टेबलापुढं उभी होती.

"अगं, नाव इचारल्यावर सुनेनं सासूचं नाव सांगावं का?" रामकिशन म्हणाला.

"नर्सबाई म्हणल्या, रजेचा कागद हाय, मिलात जे नाव असंल तेच सांग." चांगुणानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मिलात माझं नाव तेच हाय की, दादा."

यावर रामकिशन काय बोलणार, कपाळ? मिलात तिचं नाव तेच होतं, आणि ते त्यानंच ठेवलेलं होतं.

त्याचं असं झालं. शहात्तर सालापर्यंत कायदा होता की कारखान्यात पन्नासच्या वर बाया असल्या तर त्यांच्या लेकरांसाठी मालकानं पाळणाघर बांधायचं, लेकरं सांभाळायला बाई ठेवायची. मिलात बाया अठ्ठेचाळीस. अण्णाराव निवांत होते. मग त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला कायदा बदलला आणि पन्नासाचे तीस झाले. अण्णारावांनी रामकिशनला आत बोलावलं, चहा पाजला आणि सांगितलं, "तीसच्या वर जाऊ देऊ नको. बाकीच्या बाया उद्यापासनं नको." माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं होतं. कधी ओरडायचे नाहीत, सणाला बायांना शेर-शेर डाळ द्यायचे. फक्त पाळणाघर म्हटलं की ते लगेच खर्चाचा आकडा मांडायचे.

त्या बायांना घरी कसं पाठवायचं? बहात्तरच्या दुष्काळात याच बाया रामकिशनच्या आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. पंचफुलाबाई तर शिरूर अनंतपाळकडून चालत आलेली, सोबत व्यंकटी नावाचं बारा वर्षांचं पोरगं आणि डोक्यावर दोन भांडी. रामकिशन मॅट्रिक झाला म्हणून मिलात टेबलाला बसला, नाहीतर तोही तिथंच असता. रात्रभर तळमळला आणि सकाळी हिकमत घेऊन मालकापुढं उभा राहिला. "बाया अठ्ठेचाळीस राहू द्या मालक, नावं कमी करू. जोड्या लावू."

सासू-सून, माय-लेक, जावा-जावा. दोघींत मिळून एक नाव, आणि नाव थोरलीचं. सुनेचं नाव वर आणि सासू तिच्या नावाखाली, हे कुणाला पटलं असतं? सकाळी हजेरीला "पंचफुलाबाई" म्हटलं की दोन तोंडं "हाय" म्हणायची. पगार दोघींनाही मिळायचा, दुसरीचा हमालीच्या खर्चात दाखवला जायचा. मालकानं तीस सांगितलं होतं. रामकिशननं एक आपल्या बाजूनं राखून एकोणतीस धरली, न जाणो, मोजताना एखादी जास्त भरायची. हजेरीच्या छापील पानाला ओळी तीसच असत. दर महिन्याला एकोणतीस नावं भरून झाली की तो खालच्या रिकाम्या ओळीवर लाल शाईची रेघ मारायचा. बाया खूश, मालक खूश. महिनाभर रामकिशनच्या घरी कुणाकडून ना कुणाकडून ठेचा-भाकर येत राहिली, आणि त्यालाही वाटलं, आपण काहीतरी भलं केलं.

चांगुणा पाच वर्षांमागं भोकरकडून व्यंकटीची बायको होऊन आली ती थेट त्या नावात शिरली. तिच्या आधी त्या नावात पंचफुलाबाईची जाऊ होती, ती वारली म्हणून जागा झाली. पंचफुलाबाईच्या डोळ्यांना तुरीतला खडा दिसेनासा झाला तशी ती लिंबाखाली बसून सगळ्यांची अकरा लेकरं सांभाळायची आणि चांगुणा पटांगणात राबायची. मिलचं पटांगण म्हणजे फरशीचं मैदान. तूर भिजवून तिथं पसरायची आणि बायांनी उन्हात अनवाणी फिरून पायांनी ती वरखाली करायची, दिवसभर. दोन वर्षांमागं चांगुणा आठव्या महिन्यापर्यंत ती तूर तुडवत होती. एके दुपारी तिथंच बसली ती उठली नाही. पोत्यांचा आडोसा करून बायांनी तिला मोकळं केलं. मूल रडलं नाही. चौथ्या दिवशी ती परत पटांगणात आली, कारण जोडीतली एक जरी नसली तरी नावापुढं खाडा पडे आणि दोघींची मजुरी जाई.

आता पुन्हा दिवस गेले होते, आणि दिवसही कसले? लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष, आणि पावसानं पाठ फिरवल्याला दुसरं. नळाला पाचव्या दिवशी पाणी. व्यंकटी नांदेडला बांधकामावर गेलेला. माहेरी जावं तर भोकरहून आईचा निरोप आलेला की इकडं घागरभर पाण्याला दीड कोस जावं लागतंय, येऊ नको. मिलबाहेर कामाला नवीन बाया रोज उभ्या राहायच्या. अशात नुसतीच घरी बसली तर जागा गेली म्हणून समजा.

पण जिल्हा झाल्यानं एक गोष्ट घडली होती. आधी कारखान्यांचे साहेब उस्मानाबादेहून वर्षातून एखाद वेळ यायचे. आता कचेरीच लातुरात आली, बसस्टँडच्या मागं भाड्याच्या दोन खोल्यांत. कायदे मराठीतून लिहून भिंतीवर लावा असा हुकूम निघाला. रामकिशनचं अक्षर सुरेख. त्यानं पाळणाघराचा, बाळंतपणाचा, पगाराचा असा एकेक कायदा मोठ्या कागदावर उतरवला आणि फळा टांगला. जेवणाच्या सुट्टीत बायांना वाचूनही दाखवला, छाती फुगवून. त्याच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, हातात पुस्तक धरलेला. कायदा वाचून दाखवताना आपण त्या फोटोच्या जरा जवळ सरकलो असं त्याला वाटे.

तेव्हा चांगुणानं विचारलं होतं, "ते बाळंतपणाचं लिवलंय ते मला हाय का?"

"हाय की. वर्षात एकशे साठ दिवस काम भरलं पाहिजे. मग बारा आठवडे पगारी रजा, आन् जागा बी जात न्हाई. मालकाला न्हाई म्हणता येत न्हाई. जा, दवाखान्यातनं कागद आण."

तो हा कागद.

रामकिशन तो घेऊन अण्णारावांकडं गेला. अण्णारावांनी चष्मा लावून वाचला, मग हजेरीपट मागवला. बोट फिरवत पंचफुलाबाईच्या नावावर आले.

"दोनशे सत्तर दिवस भरलेत. रजा बसते." त्यांनी मान हलवली. "मी कुठं न्हाई म्हणतो? कायदा म्हणजे कायदा. पंचफुलाबाईला रजा मंजूर."

"मालक, पण बाळंत चांगुणा व्हायलीय."

"चांगुणा कोण? हजेरीत दाखव मला." अण्णाराव शांतपणे म्हणाले. "कागद पंचफुलाबाईचा, हजेरी पंचफुलाबाईची. रजेवर पंचफुलाबाईच जाईल. जोडीतली दुसरी कामाला पाहिजे. सुगीची तूर पडून हाय."

"पोटुशी बाई पटांगणात कशी—"

"जोड्या कुणी लावल्या, रामकिशन?"

रामकिशन उठून बाहेर आला. नळाच्या टाकीपाशी जाऊन उगाच उभा राहिला. टाकीत पाणी नव्हतं. त्याला मालकाचा राग आला, नर्सचा आला, चांगुणाच्या भोळेपणाचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो स्वतःच्या सुरेख अक्षराचा. कायदा होता, बाई होती, दिवस भरले होते, आणि तरी रजा भलतीकडंच जाऊन पडली होती. खरं नाव लिहावं तर बाकीच्या अठरा जणींचीही लिहावी लागतील, तीसची हद्द मोडेल आणि मालक सगळ्यांना बाहेर काढेल. जिकडून बघावं तिकडून दार बंद, आणि कड्या सगळ्या त्यानंच लावलेल्या.

बायांना कळलं तेव्हा सुमनबाई पहिली उठली. ती नि तिची लेक मिळून एक नाव होतं. "रामकिशनदादा, एकीसाठी आमच्या पोटावर पाय आणू नका," ती म्हणाली. "आम्ही बी बाळंत झालोच की ह्याच फरशीवर." चांगुणा खाली बघत राहिली.

पंचफुलाबाई लिंबाखाली कुणाचं तरी लेकरू मांडीवर थोपटत सगळं ऐकत होती. "रजा कुणाला दिली म्हणालास?" तिनं विचारलं.

"तुला, मावशी."

"मंग चांगुणाच्या जागी कोण लागतंय मालकाला?"

"दुसरी. जोडीतली दुसरी."

"दुसरी मी होते," पंचफुलाबाई म्हणाली. "नाव घरी जाऊ दे, बाळंतपणाला. मी कामाला येते."

दुसऱ्या सोमवारपासून तसंच झालं. चांगुणा घरी राहिली. पंचफुलाबाई साडीचा काष्टा घालून पटांगणात उतरली. गुडघ्यांमुळं तिला पाय उचलता येत नव्हता, ती तुरीतून पाय ओढत चालायची. लिंबाखालची लेकरं आता सुटी झाली. कधी पोत्यांवर चढायची, कधी मशीनच्या पट्ट्याकडं रांगत जायची. सुमनबाईचा नातू एकदा पट्ट्यापासून हातभर अंतरावर सापडला. त्याला उचलून आणल्यावर सुमनबाईनं त्या दिवशी त्याला पाठीशी बांधूनच तूर तुडवली. अकरा लेकरांचं पाळणाघर ही म्हातारी एकटी होती, हे तोवर कुणी मोजलंच नव्हतं.

आणि रामकिशन रोज सकाळी तिच्या नावापुढं लिहायचा, प्रसूती रजा. मान वर केली की खिडकीतून ती दिसायची, पदर डोक्यावर, पाय ओढत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पुन्हा खाली बघायचं तर तिथं प्रसूती रजा. त्याला जेवण जाईना. बायको म्हणाली, काय व्हायलंय तुम्हाला? तो तिच्यावरच डाफरला.

पाचव्या आठवड्यात एके सकाळी चांगुणाला सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. चांगली तीन किलोची, आणि आल्या आल्या तिनं सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. बातमी मिलात आली तेव्हा पंचफुलाबाई तुरीतच मटकन खाली बसली आणि खूप वेळ हसत होती. त्या दिवशी रामकिशनलाही वाटलं, चला, निभावलं एकदाचं.

कसलं निभावलं? बारशानंतर चांगुणा लेकीला घेऊन त्याच्या दारी आली. हातात जन्माचा दाखला होता.

"दादा, वाचा जरा. बाजूच्या पोरानं वाचला तर मला खरं वाटंना."

रामकिशननं वाचला. मुलीच्या बापाचं नाव व्यंकटी, बरोबर. आईचं नाव पंचफुलाबाई. दवाखान्याच्या केसपेपरवर जे होतं तेच उतरलेलं. म्हणजे व्यंकटीला त्याच्याच आईपासून मुलगी झालेली.

"बदलून मागितलं तर दवाखान्यातले म्हणतेत, मिलची चिठ्ठी आणा, तुम्हीच चांगुणा म्हणून." तिनं लेकीला या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतलं. "मिलात नाव न्हाई तर न्हाई, दादा. माझ्या लेकीची माय तरी मला राहू द्या."

अण्णारावांनी चिठ्ठी दिली नाही. आपल्याकडं चांगुणा नावाची बाईच नाही, मग चिठ्ठी कसली द्यायची, म्हणाले. तेही शांतपणे.

तेव्हा रामकिशन बसस्टँडमागच्या कचेरीत गेला. तिथं रुद्राणी मॅडम म्हणून नवीन साहेब होत्या, उदगीरकडच्या. टेबलावर फायली, खिडकीत कोरडा माठ. रामकिशननं खुर्चीच्या कडेवर बसून सुरुवात केली, "समजा, मॅडम, एका मिलात..." आणि समजा समजा म्हणत सगळं ओकून टाकलं.

मॅडमनी मधे तोडलं नाही. शेवटी विचारलं, "समजा त्या मिलात नावं किती आहेत?"

"एकोणतीस. तीस झाली की पाळणाघर लागतं."

"कुणी सांगितलं?"

"कायदाच हाय की. मी सोता फळ्यावर लिवलाय."

मॅडमनी कपाटातून पुस्तक काढलं, पान उघडून त्याच्यापुढं सरकवलं. "तीसहून अधिक. म्हणजे एकतीस. तीस बायकांपर्यंत काही लागत नाही. एक जागा तुमच्याकडे पहिल्यापासून मोकळी होती."

रामकिशन पानाकडं बघत राहिला. तीसहून अधिक. हेच शब्द त्यानं भिंतीवर लिहिले होते, वाचून दाखवले होते. मालक म्हणाले होते तीस. एक आपल्या बाजूनं आपणच राखली होती, भीतीनं. आणि पुढं तीच भीती कायदा होऊन बसली.

"आणखी एक," मॅडम म्हणाल्या. "नावं लिहिली तर मालक काढून टाकेल म्हणता. उलटं आहे. नाव नसलेल्या बाईला काढायला काहीच लागत नाही. नाव असलं की कारण द्यावं लागतं, नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते. खोटा हजेरीपट लिहिणाराही जबाबदार असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? मी पुढच्या आठवड्यात बघायला येणार आहे. समजा."

पुढच्या सोमवारी पहिली तारीख होती आणि रजाही संपत होती. सासूला मोकळं करायला चांगुणा लेकीला झोळीत घालून आली. रामकिशननं नवा हजेरीपट आखून ठेवला होता. त्याआधी त्यानं मालकाला जाऊन सांगितलं, की तीस नावं चालतात, पुस्तकात बघून आलो. अण्णारावांनी चष्मा काढला.

"मग नऊ वर्षं एकोणतीस कशाला ठेवली? मी तीसच म्हणालो होतो. कायदा तू वाचतोस की मी?"

रामकिशननं तेही पचवलं आणि हजेरीला येऊन बसला. एकोणतीस नावं झाली. लाल शाईची दौत रोजच्यासारखी उजव्या हाताला होती. ती त्यानं टेबलाखाली ठेवली.

"चांगुणा," त्यानं हाक मारली. पहिल्यांदा कुणी काही म्हणालं नाही. त्या पटांगणात त्या नावाला 'हाय' म्हणायची कुणाला सवयच नव्हती. "चांगुणा, म्होरं ये. तुझं नाव लिवायलोय."

"आता चालतंय का?"

"चालतंय." तो थांबला. सांगावं की नाही, पण न सांगून तिच्याकडं बघवणार नव्हतं. "पहिल्यापासनं चालत होतं, बाई. ही ओळ मोकळीच होती. मीच रेघ मारत होतो."

चांगुणा त्या ओळीकडं बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण रिकामी जागा कुणालाही दिसते.

"मागल्या खेपंला बी मोकळीच होती?" तिनं विचारलं.

पोत्यांचा तो आडोसा, न रडलेलं ते मूल सगळ्यांनाच आठवलं.

"हाव," रामकिशन म्हणाला.

झोळीतली पोर कुरकुरली तशी चांगुणा तिला थोपटत राहिली. मग म्हणाली, "लिवा. नीट लिवा."

त्यानं लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं नाही. तिचे एकशे साठ दिवस आता आजपासून मोजायचे होते, पण दाखल्याच्या चिठ्ठीसाठी हजेरीतली ही ओळ दाखवता येणार होती.

मग त्यानं पट्टी घेतली. छापील पान तिसाव्या ओळीला संपत होतं, खाली दोन बोटं कोरी जागा होती. त्या जागेत त्यानं हातानं एकतिसावी ओळ आखली. ऑफिसच्या दारात अण्णाराव येऊन उभे राहिलेले त्याला दिसले. त्यानं मान खाली घातली आणि विचारलं, "सुमनबाई, तुझ्या लेकीचं नाव काय?"

सुमनबाईनं एकदा मालकाकडं बघितलं, एकदा मशीनच्या पट्ट्याकडं. मग तिनं नाव सांगितलं.